मॉनिटर बंद करून पाहा

मंडळी, आधी एक खुलासा. मी प्रकाशशास्त्र शिकवते, डोळ्यांची डॉक्टर नाही. आयोजकांनी मला विचारलं ते अगदी सरळ होतं: कॉम्प्युटरवर काम करून डोळे दुखतात, तर पडद्यावर कोणता फिल्टर लावावा? फिल्टर काय करतो हे मी खात्रीने सांगू शकते. आणि ते नीट सांगितलं की तो काय करत नाही हेही आपोआप बाहेर येतं. आजचं अर्धं बोलणं त्या दुसऱ्या भागाचंच होणार आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा टेबलावर तो जुना, मागे भलंमोठं पोट असलेला मॉनिटर होता. त्याच्या तोंडावर दोन आकड्यांनी लटकवलेली एक काळपट काच असायची. काचेतून एक बारीक वायर निघायची आणि ती अर्थिंगला जोडायची असते, असं सगळ्यांना ठाऊक होतं. जोडली कोणीच नव्हती. माझी तर टेबलामागे वर्षानुवर्षं लोंबत होती. पण काच आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हा विश्वास मात्र पक्का! संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, तेव्हा आम्ही म्हणायचो, काच नसती तर आणखी किती चुरचुरले असते.

त्या वायरचं काम काय होतं? पडद्यावर स्थिर विद्युतभार साठतो. काचेवरच्या विद्युतवाहक थरातून तो वाहून गेला की धूळ कमी चिकटते. लोकांना भीती होती ‘रेडिएशन’ची. क्ष-किरण अडवायचं काम मॉनिटरच्या नळीची शिसं घातलेली काच स्वतःच करत होती. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांबद्दल स्वीडनमध्ये १९९० साली ‘एमपीआर दोन’ आणि १९९२ साली ‘टीसीओ’ ही मानकं आली, आणि मॉनिटरच त्या मर्यादेत बसतील असे बनू लागले. डोळे चुरचुरण्याशी या सगळ्याचा संबंध फारसा नव्हताच. आपल्याकडे म्हणतात ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग ती काच निरुपयोगी होती का? अजिबात नाही. ती एक काम फार सुंदर करायची, फक्त तिच्या खोक्यावर ते ठळक अक्षरांत छापलेलं नसायचं.

हा माझा लॅपटॉप. मी तो बंद करते आणि पडदा तुमच्याकडे वळवते. पुढच्या रांगेतल्यांना काय दिसतंय? वरचा दिवा दिसतोय, मागची खिडकी दिसतेय, आणि पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ स्वतःलाच पाहतायत. आता मी लॅपटॉप सुरू केला तरी यातलं काहीही कुठे जात नाही. दिवा तिथेच, खिडकी तिथेच. फक्त त्यांच्यावर आता अक्षरं येऊन बसली. आरशातला दिवा आरशाच्या जितका पुढे, तितकाच मागे दिसतो, हे शाळेत शिकलो आपण. म्हणजे अक्षरं तुमच्यापासून अर्ध्या मीटरवर, आणि त्याच जागी दिसणारा दिवा तीन मीटर आत. डोळ्यापुढे एकाच वेळी दोन अंतरांवरची दोन चित्रं. शिवाय खिडकीचा उजेड अक्षरांमधला काळा रंग करडा करून टाकतो. मग आपण मान वाकडी करतो, पुढे झुकतो, डोळे बारीक करतो. दिवसभर बारीक केलेले डोळे संध्याकाळी कपाळ धरायला लावतात.

आता या आरशासमोर काळपट काच ठेवू. समजा ती अर्धाच उजेड आरपार जाऊ देते. पडद्याचा स्वतःचा उजेड या काचेतून एकदाच जातो, म्हणजे १०० चा ५० होतो. पण खोलीतला उजेड काचेतून आत जातो, पडद्यावर आपटतो आणि परत काचेतूनच बाहेर येतो. तो दोनदा चाळला जातो, म्हणून पाव उरतो. आधी पडद्याचे १०० आणि परावर्तनाचे १० असतील, तर आता ५० आणि अडीच. दहापट फरक होता, तो वीसपट झाला. काचेने काहीही वाढवलं नाही, उलट दोघांकडूनही कर घेतला. फक्त बाहेरच्याकडून दोनदा घेतला. ही युक्ती मला आजही आवडते.

पण ही काच स्वतःही काचच. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत पाठवते. म्हणजे आरसा झाकायला तुम्ही दुसरा आरसा आणलात! म्हणून चांगल्या फिल्टरवर परावर्तन कमी करणारा लेप असतो, चष्म्याच्या भिंगांवर असतो तसाच. मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिला तर थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात आणि ते ४ टक्के दीडच्याही खाली येतात. स्वस्त फिल्टरमध्ये पहिली काटछाट याच लेपात होते. आणि लेप असलेल्या काचेवर बोटाचा एक ठसा उमटला की तेवढ्या जागी सगळी किमया संपली.

काहींनी जाळीचे फिल्टरही पाहिले असतील, बारीक काळ्या धाग्यांचे. तिरपा येणारा उजेड धाग्यांत अडकायचा, समोरचा निघून यायचा. कल्पना चांगली, पण धुळीने बुजायचे आणि अक्षरं भुरकट व्हायची. पुढे जाऊ.

सगळ्यात हुशार होता तो वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा फिल्टर. खोलीतला उजेड त्यातून आत जाताना त्याला एक फिरकी मिळते, समजा उजवी. पडद्याच्या गुळगुळीत काचेवर आपटून परतताना ती फिरकी डावी होते. आणि फिल्टर डाव्या फिरकीला बाहेर सोडत नाही. परावर्तन जवळजवळ आतच मरतं. पडद्याचा स्वतःचा उजेड मात्र अर्ध्याच्या आसपास का होईना, बाहेर येतो. ओएलईडी पडद्याच्या फोनमध्ये हेच तंत्र आतच बसवलेलं असतं, नाहीतर आतल्या धातूच्या थरांमुळे तो पडदा उन्हात चकाकला असता.

त्या जुन्या काचांचा आणखी एक फायदा व्हायचा, बहुतेकांच्या नकळत. जुना मॉनिटर सेकंदाला ६० वेळा रंगवला जायचा आणि अनेकांना, विशेषतः डोळ्याच्या कडेने पाहताना, तो थरथरताना दिसायचा. उजेड जितका जास्त तितकी थरथर जास्त जाणवते. फेरी आणि पोर्टर या दोघांच्या नावाचा हा नियम शंभर वर्षांहून जुना आहे. काळी काच लावली की पडदा मंद व्हायचा आणि थरथर कमी जाणवायची. अर्थात ब्राइटनेसचं बटण फिरवूनही हेच झालं असतं, तेही फुकटात.

आता आजच्या पडद्यांकडे येऊ. जुनी काच फुगीर होती, चहूबाजूंच्या खिडक्या गोळा करायची. आजचा पडदा सपाट आहे, आणि ऑफिसातल्या बहुतेक मॉनिटरांचा पृष्ठभाग मुळातच खरखरीत, म्हणजे मॅट असतो. तो दिव्याचं ठसठशीत प्रतिबिंब मोडून त्याचा फिकट धूसर पट्टा करतो. उजेड नाहीसा होत नाही, पसरतो. अशा मॉनिटरवर आणखी एक काच लावणं म्हणजे छत्रीवर रेनकोट. चकचकीत लॅपटॉप असेल आणि जागा बदलता येत नसेल, तर मॅट फिल्म जरूर लावा. अक्षरांची धार थोडी बोथट होईल, पण सौदा वाईट नाही. आणि शेजाऱ्याला पडदा दिसू नये म्हणून जो फिल्टर मिळतो, तो डोळ्यांसाठी घेऊ नका. त्यात उभ्या, अतिसूक्ष्म झडपा असतात, पडदा मंद होतो आणि तुम्ही एकाच कोनात खिळून बसता.

पण फिल्म घेण्याआधी टेबल फिरवून पाहा. खिडकी पाठीमागे असेल तर ती पडद्यात दिसते, समोर असेल तर पडद्यामागून डोळ्यांवर येते. ती बाजूला हवी. एक साधी चाचणी सांगते. काम करताना तळहात भुवयांवर आडवा धरा, उन्हात लांबचं पाहताना धरतो तसा. डोळ्यांना एकदम हायसं वाटलं तर दोष पडद्याचा नाही, वरच्या दिव्याचा आहे. त्याला पडद्यावरचा कुठलाही फिल्टर पुरणार नाही. आणि ब्राइटनेस किती ठेवायचा? पडद्याशेजारी पांढरा कागद धरा. पडद्यावरचं पांढरं पान दिव्यासारखं पेटलेलं वाटायला नको आणि कागदापुढे मळकटही दिसायला नको.

निळ्या प्रकाशाबद्दल विचारणार आहात, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. आजच्या पडद्यांमागे पांढरी एलईडी असते, आणि ती मुळात निळीच असते. निळ्या उजेडावर पिवळा प्रकाश देणारा थर चढवून ती पांढरी केलेली असते. तेव्हा पडद्यात निळा प्रकाश आहे, हे खरं. पण उजेड लक्स या मापात मोजतात. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर उघड्यावर हजारो लक्स उजेड असतो, आणि पूर्ण पांढऱ्या पडद्याकडून डोळ्यांपर्यंत शंभराच्या आसपास लक्स पोहोचतात. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये एकत्र आढावा घेतला. साध्या भिंगांच्या तुलनेत डोळ्यांच्या ताणात, निदान थोड्या काळात तरी, बहुधा काही फरक पडत नाही, असं त्यात निघालं. झोपेची गोष्ट थोडी वेगळी. डोळ्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र पाहत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवतात, आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला जास्त दाद देतात. म्हणून रात्री पडदा पिवळसर करणं आवडत असेल तर करा, सोबत ब्राइटनेसही उतरवा. पण पिवळी फिल्म लावली म्हणून दुपारची चुरचूर थांबेल, ही आशा नको.

कारण चुरचूर बहुतेकदा उजेडाची नसतेच, ती कोरडेपणाची असते. १९९३ मध्ये जपानमधल्या सुबोता आणि नाकामोरी यांनी ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांच्या पापण्या मोजल्या. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लवत होती, पुस्तक वाचताना १० वेळा, आणि पडद्यापुढे फक्त ७. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो, त्यावर तेलाची साय असते, आणि प्रत्येक लवण्याबरोबर तो थर पुन्हा सारवला जातो. सारवणं थांबलं की तो जागोजागी फाटतो. त्यात एसीचा झोत थेट तोंडावर. पडदा उंच ठेवला तर डोळे मोठे उघडे राहतात आणि उघडा पृष्ठभाग वाढतो. म्हणून पडद्याची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. इथे काच काय करणार? ती पापणी लववत नाही.

आणि दुसरं, चाळिशी. इथे जमलेल्या निम्म्यांना तरी ती लागलेली आहे. वाचायचा चष्मा साधारण पुस्तकाच्या अंतराचा असतो, ३५-४० सेंटीमीटरचा. मॉनिटर ६० वर. मग आपण चष्म्यासाठी पडद्याकडे झुकतो, किंवा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या भिंगाच्या खालच्या भागातून पाहायला हनुवटी वर करतो आणि मान धरली म्हणून मॉनिटरला दोष देतो. चष्मा करायला जाल तेव्हा मॉनिटर किती लांब असतो ते टेपने मोजून घेऊन जा. माझ्या डोळ्यांचं सगळ्यात जास्त भलं या एका मापाने केलं. त्याआधी मी दोन फिल्टर आणि एक मोठा मॉनिटर घेऊन झाले होते.

मधूनमधून लांब पाहण्याचा सल्ला तुम्ही ऐकलाच असेल: दर २० मिनिटांनी, २० फुटांवर, २० सेकंद. अर्ध्या मीटरवर पाहायला डोळ्याच्या भिंगाला २ डायॉप्टरचा, म्हणजे चष्म्याच्या दोन नंबराएवढा, जोर लावावा लागतो, सहा मीटरवर तो जवळजवळ शून्य होतो. २० च्या आकड्यात जादू नाही, लक्षात राहायला सोपा एवढंच. बारीक काम करणाऱ्या कारागिरांनी अधूनमधून काम ठेवून नजर इकडेतिकडे फिरवावी, असं रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवलंय. तेव्हा घड्याळं दुरुस्त करणारे होते, आज आपण आहोत.

एक प्रश्न आलाय: घरात माळ्यावर जुना काचेचा फिल्टर पडलाय, आजच्या मॉनिटरवर लावू का? लावू नका. आजच्या एलसीडी पडद्याचा उजेड आधीच ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात. तुमचा फिल्टर ध्रुवीकरणाचा निघाला आणि कोन जुळला नाही, तर पडदा फारच काळवंडेल. पण फेकूही नका. घरी गेल्यावर तो आरशाला लावून धरा आणि त्यातून पाहा, मग उलटा करून पुन्हा धरा. दोन्ही बाजूंनी तुमचा चेहरा सारखाच मंद दिसला, तर ती नुसती काळी काच. एका बाजूने आरसा जवळजवळ काळा पडला आणि उलट्या बाजूने चेहरा परत आला, तर तुमच्याकडे ती उजव्या-डाव्या फिरकीवाली आहे. पोरांना दाखवा. आणि हो, ती वायर अर्थिंगला नाही जोडली तरी चालेल.