उसाच्या खेपेतलं डिझेल

(दृश्य : साखर कारखान्याचं यार्ड, रात्र. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग.)

हंगाम भरात आहे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यावर जा, वजनकाट्याच्या अलीकडे अशी रांग दिसणारच. नंबर यायला कधी दोन तास, कधी अख्खी रात्र. कारखान्यात बिघाड झाला तर बोलायलाच नको. ड्रायव्हर उतरून शेकोटीला बसलेत. ट्रॅक्टर मात्र चालूच.

का बंद करत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "बंद केला तर परत चालू व्हायचा न्हाई." बॅटरी उतरलेली असते, सेल्फ मारला की नुसती टिकटिक. मागं पंधरा-वीस टन ऊस असताना ढकलणार कोण? त्यात गाणी वाजतायत, तीही त्याच बॅटरीवर.

पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर जागेवर नुसता फुरफुरत राहिला तरी तासाला साधारण लिटरभर डिझेल पितो. पाच तासांची रांग म्हणजे पाच लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर खेपेमागं साडेचारशे रुपये उभ्या जागी गेले. पंधरा-वीस खेपांत नव्या बॅटरीचे पैसे निघतात.

मालकाला हे कळत नाही का? बऱ्याचदा खरंच कळत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा तासांचा मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन सावकाश फिरलं की मीटरही सावकाश सरकतो, म्हणून रांगेतले पाच तास मीटरवर दोन-अडीचच दिसतात. शिवाय डिझेल बरेचदा कारखान्याच्या पंपावरून उधारीवर मिळतं आणि वाहतुकीच्या बिलातून कापलं जातं. खिशातून नोट काढावी लागत नाही, मग टोचणार कसं? जाळणारा एक, भरणारा दुसरा आणि मोजणारा कुणीच नाही. आमच्या मते खरी गळती इथंच आहे.

डिझेल स्वस्त होतं तोवर हे खपून गेलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण उठलं. जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलनं शंभरी ओलांडली. पुढच्याच महिन्यात केंद्रानं उत्पादन शुल्क लिटरमागं १० रुपयांनी कमी केलं, भाव उतरला. पण जुने दिवस काही परत आले नाहीत.

(दृश्य : चढाचा रस्ता. भरलेला ट्रॅक्टर काळा धूर ओकत चढतोय.)

हा धूर पाहून तरुण पोरं शिट्ट्या मारतात. 'पंप वाढवलेला' ट्रॅक्टर म्हणजे गावात मान! डिझेल पंपाचं सील तोडायचं, स्क्रू फिरवायचा, की इंजिनात जास्त डिझेल जातं. ताकद थोडी वाढतेही. पण हवा तेवढीच राहिली तर जादाचं डिझेल पुरतं जळत नाही, ते काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. आपण विकत घेतलेलं डिझेल असं डोळ्यांदेखत आभाळात जातं आणि त्याला आपण ताकद म्हणतो.

पंपाला हात न लावताही काळा धूर येतो. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल खराब झालेलं असतं, नाहीतर इंजिनाला श्वास मिळत नसतो.

(दृश्य : गॅरेज. मेस्त्री ऑइल बाथ एअर क्लीनरची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा तेलातून गाळणाऱ्या डब्याची, खालची वाटी सोडवतोय.)

क्लिपा निघाल्या, वाटी हातात आली. वर तेल दिसतंय. मेस्त्रीनं बोट बुडवलं, ते तळापर्यंत गेलंच नाही; मध्येच गाळात रुतलं. बाहेर निघालं ते काळ्या चिखलानं माखलेलं. ढेकळं फोडणारं रोटाव्हेटर मारताना उडालेली रानातली सगळी धूळ इथं येऊन बसलीय. ओतलेलं तेल थोडं, निघालेली माती जास्त. वाटी डिझेलनं धुतली, खुणेपर्यंत नवं तेल भरलं, परत लावली. दहा मिनिटांचं काम. धुळीच्या दिवसांत ही वाटी रोज उघडून बघायला हवी. आणि हो, तेल खुणेच्या वर भरू नका. इंजिन ते ओढून घेतं.

डिझेल वाचवणारं चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या बाजारात भरपूर मिळतात. त्या पैशात नोझल तपासून घ्यावं.

(दृश्य : काळं रान. नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं मागचं चाक, टायरवर खडूची खूण.)

नांगरटीत डिझेल कुठं जातं, हे हा खडू सांगतो. मोकळ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे दहा फेरे मोजायचे आणि अंतर टेपनं मापायचं. समजा ४० मीटर भरलं. आता नांगर जमिनीत घालून तेच दहा फेरे. अंतर ३४ मीटर आलं तर चाक १५ टक्के घसरतंय, एवढं चालतं. ३० मीटरच आलं, तर चारातला एक फेरा चाक जागच्या जागी माती उकरतंय. अशा वेळी टायरची नक्षी संपलीय का बघायचं, चाकांना वजनं लावायची किंवा ट्यूबमध्ये पाणी भरायचं. नांगरट संपून ट्रॅक्टर रस्त्याला लागला की ते ओझं उतरवायचंही लक्षात ठेवायचं, नाहीतर तेच वजन कारखान्यापर्यंत फुकट वाहायचं.

आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल! वाफशावर नांगरलेलं रान मऊ निघतं. वाळून कडक झालेल्या रानात नांगर घातला की ओढ वाढते, ढेकळं निघतात, मग ती फोडायला रोटाव्हेटरची आणखी एक पाळी. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेल तेव्हा घ्यावा लागतो, ही अडचण खरी आहे. पण त्या जादा पाळीचं डिझेल शेवटी एकरी दरातूनच वसूल होतं.

(दृश्य : एसटी डेपो, पहाट.)

मोजलं की काय होतं, ते एसटीकडून शिकावं. तिथं दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली, याचा हिशेब ठेवतात. ट्रॅक्टरवाल्यालाही हे जमण्यासारखं आहे. सकाळी टाकी काठोकाठ भरायची, काम झाल्यावर त्याच जागी ट्रॅक्टर उभा करून पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं डिझेल बसलं, तेवढं लागलं. वहीत खेप, टन आणि लिटर लिहायचे. महिनाभरात कुठला ड्रायव्हर किती जाळतो, ते समोर येतं. वाचलेल्या पैशातला वाटा ड्रायव्हरला द्यावा, असं आम्हाला वाटतं. रात्र रात्र रांगेत तोच जागतो.

मात्र वाटा देताना एक अट घालावी लागेल : उतारावर न्यूट्रल मारायचा नाही. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं, हा समज पन्हाळा-शाहूवाडीच्या उतारांवर जुनाच आहे. गाडी गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय काढला की उतारच इंजिन फिरवतो आणि पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे डिझेल लागतंच. आणि उसाच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. मागून ढकलणारे वीस टन ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकांनी थांबत नाहीत. ज्या गिअरात चढलात, त्याच गिअरात उतरा.