पास आउट

नमस्कार श्रोतेहो. आमच्या ग्वाल्हेरात, लश्कर भागात, स्थळाच्या बोलणीत मुलाची ओळख अशी करून देतात : "मुलगा 2019चा पासआउट आहे हं!" ऐकणारे माना डोलावतात, पोह्यांच्या बशा येतात, विषय पुढे सरकतो. हेच वाक्य माझ्या भाचीनं कॅनडातल्या एका बाईंना फोनवर ऐकवलं, 'आय पास्ड आउट इन 2019'. पलीकडून काळजीचा सूर : "आता बरी आहेस ना गं?"

तिकडे रोजच्या बोलण्यात 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. नुसती घेरी नव्हे. घेरी आली तर माणूस निदान भिंत तरी धरतो. आपल्याकडे गरगरतं, मग भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि मग तो कोसळतो. पास आउट ही शेवटची पायरी. मे महिन्यात पारा 45च्या वर असताना डोक्याला पंचा न बांधता भर दुपारी महाराजबाड्यावर हिंडलात, तर हे क्रियापद तुमच्याच वाट्याला यायचं. जास्त ढोसून आडवा झालेल्यालाही तेच लागू. चारचौघांत 'फेंट' जरा सभ्य वाटतो.

अमेरिकेत 'पास आउट'चा अर्थ 'वाटप करणं' असाही होतो. मास्तरांनी पेपर वाटले, तेही पास आउट. तिथे कर्म मधे घालता येतं : 'पास देम आउट'. बेशुद्धीच्या अर्थाला कर्म चालत नाही. जो पडतो तो आपला आपणच पडतो.

मग आपलं पासआउट चुकीचं का? मला नाही वाटत. ब्रिटिश इंग्रजीत लष्कराचं किंवा पोलिसांचं प्रशिक्षण पुरं करणं म्हणजे पास आउटच. झाशी रस्त्यावर टेकनपूरला 1966पासून सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे, तिथली पासिंग आउट परेड आपल्याला ऐकून ठाऊक. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत तर कॅडेट 'अंतिम पग', म्हणजे शेवटच्या पावलाची खूण, ओलांडून खरोखरच चालत बाहेर पडतात. हा शब्द छावणीतून उचलून आपण कॉलेजच्या फाटकावर लावला, असा माझा आपला कयास. परदेशी अर्जात मात्र 'ग्रॅज्युएटेड' लिहा, म्हणजे कुणी तब्येत विचारणार नाही.

भाचीला हे सगळं सांगितलं, तर तिनंच मला अडवलं. परेडीत तासभर उन्हात ताठ उभा राहून एखादा कॅडेट कोसळला, तर काय म्हणायचं?

पास आउट होता होता पास आउट झाला!