घसा न फाडता खरखर: रॅस्प आणि व्होकल फ्राय

गाताना आवाजात खरखर कशी आणायची, आणि तेव्हा घशात काय होतं, ते आज बघायचंय. स्क्रीनवर उघडझाप करणाऱ्या या दोन पांढऱ्या पट्ट्या बघा. हे या मुलीचे स्वरतंतू आहेत. नाकातून बारीक दुर्बीण आत सोडलीय, त्यामुळे तोंड मोकळं आहे आणि ती आरामात गातेय. आत्ता लावलेला स्वर २२० हर्ट्झचा आहे, म्हणजे या पट्ट्या सेकंदाला २२० वेळा एकमेकींवर आपटतायत, नुसत्या डोळ्यांना ते दिसणं शक्यच नाही, म्हणून डॉक्टर लुकलुकणारा लाइट वापरतात आणि त्याचा वेग स्वरापेक्षा किंचित वेगळा ठेवतात, मग सगळं स्लो मोशनमध्ये चाललंय असं वाटतं. गाणाऱ्या माणसाचं स्वरयंत्र असं आत डोकावून बघायची पद्धत १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडली ती मान्युएल गार्सिया यांनी, छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर. आणि ते डॉक्टर नव्हते, गाणं शिकवणारे होते!

आता ती फ्राय, म्हणजे व्होकल फ्राय, लावतेय. ऐका, जुन्या दाराची करकर. पट्ट्या आखूड झाल्या, जाड झाल्या, सैल पडल्या, हवा अगदी थोडी जातेय. ठोके सेकंदाला साधारण ७० च्या खाली गेले की कानाला ते सुटे सुटे ऐकू यायला लागतात. सकाळी खर्जाचा रियाज करणाऱ्यांना ही जागा ओळखीची असेल, मंद्रात खाली खाली उतरत गेलं की एका ठिकाणी स्वर तुटतो आणि नुसती कडकड उरते, तीच.

रॅस्पचं, म्हणजे स्वर धरून त्यावर चढवलेल्या खरखरीचं, काम मात्र वेगळं. पट्ट्यांच्या वर, दोन्ही बाजूंना, या गुलाबी घड्या दिसतायत ना, त्यांना फॉल्स कॉर्ड्स, म्हणजे खोटे स्वरतंतू, म्हणतात. आता बघा, खाली स्वरतंतू आपला स्वर नीट धरून आहेत आणि वरच्या घड्या जवळ येऊन वेड्यावाकड्या थरथरतायत. खरखर तिथून येतेय. रशियाच्या तुवा प्रांतातले कार्गिरा, म्हणजे घशातून खोल आवाजात गायची तिथली पद्धत, गाणारे याच घड्या इतक्या शिस्तीत हलवतात की खालच्या दोन ठोक्यांना वरचा एक पडतो आणि सप्तकभर खालचा स्वर ऐकू येतो. त्यामुळे रॉक गायचं तर सिगरेट ओढून, ओरडून घसा खराबच करावा लागतो हे जे पोरांच्या डोक्यात बसलंय ते साफ चुकीचं आहे, खरखर शिकता येते, तानेसारखीच शिकता येते.

क्लासमध्ये या मुलीला शिकवणाऱ्या ताई काय करून घेतायत बघा. आधी फ्राय. "अगं, जोर नको लावूस, झोपेतून उठल्यावर बोलतेस ना, तसा आ लाव." मग त्याच आ वर फ्रायमधून हळूच साफ स्वरात सरकायचं, धक्का न देता, परत खाली यायचं, परत वर. हे जमेपर्यंत पुढचं काही नाही.

मग रॅस्प. मधल्या पट्टीतला सोपा स्वर, आधी साफ. तो धरून ठेवायचा आणि अगदी हलकं खाकरल्यासारखं करून वरून खरखर आणायची, लगेच काढून घ्यायची, स्वर तोच राहिला पाहिजे. साफ, खरखर, साफ. यातला शेवटचा साफ सगळ्यात महत्त्वाचा, तो पहिल्यासारखाच स्वच्छ आला तर गाडी बरोबर चाललीय, त्यात हवा मिसळली किंवा घशात खवखवलं, खोकला आला, की त्या दिवशी रॅस्प बंद. ताई इथे अजिबात ऐकत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

चुकीच्या पद्धतीने रेटत राहिलं तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आत बघून घ्यायचं.

आता कडवं. फ्राय फक्त ओळ उचलताना, रॅस्प फक्त वरच्या लांब स्वरावर, मधलं सगळं साफ. माइक ओठांच्या किती जवळ घेतलाय बघा. फ्राय मुळात बारीक आवाजाचा, त्याला मोठं करायचं काम माइकचं, तिच्या घशाचं नाही. आणि रॅस्पच्या स्वरावर मान बघा, एक शीर ताणलेली नाही.