दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांची घरची निगा

नमस्कार, श्रोतेहो.

पित्ताशयात खडे झाले आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, की बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात. पोटावर साधारणपणे चार छेद असतात. एक बेंबीशी, एक छातीच्या हाडाखाली आणि दोन उजव्या बरगड्यांच्या खाली. पहिले दोन जेमतेम एक सेंटीमीटरचे, उरलेले दोन त्याच्या निम्मे. जखम एवढीशी, म्हणून काही घरांत तिच्याकडे कुणी बघतच नाही. आणि काही घरांत दिवसातून तीन-तीनदा पट्टी उघडून हळद, मलम, पावडर असं काहीबाही लावत बसतात. टाके दोन्हीकडे बिघडतात. अपेंडिक्स किंवा गर्भाशय दुर्बिणीतून काढलं असेल, तरी आज सांगतोय त्यातलं बहुतेक तसंच लागू पडतं.

घरी निघण्याआधी डॉक्टरांना किंवा सिस्टरना एक विचारून घ्या: कातडी कशाने बंद केली आहे? विरघळणारे टाके असतील तर ते काढावे लागत नाहीत. साधा दोरा किंवा पिना असतील तर सहसा सातव्या ते दहाव्या दिवशी काढतात, ती तारीख कार्डावर लिहून घ्या. कातडीचा गोंद लावला असेल तर त्याचा चकचकीत पापुद्रा पाच ते दहा दिवसांत आपोआप सुटतो. तो नखाने सोलायचा नाही. त्यावर कुठलंही तेलकट मलम चोळायचं नाही, कारण तेलाने गोंद मऊ पडून वेळेआधी सुटतो. कागदासारख्या चिकटपट्ट्या असतील तर त्यांच्या कडा उचलल्या जातात, तेवढ्या कात्रीने कापा. पट्टी ओढू नका.

आता अंघोळ. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. "टाके ओले करायचे नाहीत" म्हणून आठ-दहा दिवस रुग्णाला अंघोळच घालत नाहीत. त्याने घाम आणि मळ जखमेभोवती साचतो. शिवलेल्या कातडीच्या कडा साधारण 48 तासांत एकमेकींना धरतात. तोवर दवाखान्यात लावलेली पट्टी तशीच राहू द्या. पुढे डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अंघोळ करावी. स्टुलावर बसून कोमट पाणी तांब्याने खांद्यावरून सोडा, पोटावर धार मारू नका. साबण टाक्यांवर घासायचा नाही, वरून ओघळणारा फेस पुरतो. विहिरीचं, टँकरचं किंवा पावसाळ्यातलं गढूळ पाणी असेल तर अंघोळ मानेखाली ओल्या फडक्याने करा आणि जखमांवरून उकळून निववलेलं पाणी सोडा. टबात, नदीत, तलावात पोट बुडवणं किमान दोन आठवडे आणि जखमा पूर्ण भरेपर्यंत बंद. पुसायला घरातल्या सगळ्यांचा पंचा नको. धुऊन उन्हात वाळवलेला मऊ सुती कपडा वेगळा ठेवा, आणि घासू नका, नुसतं टिपा.

बेंबीच्या टाक्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. बेंबी खोलगट असते, पोट सुटलेलं असेल तर आणखीच खोल. पाणी आणि घाम तिथे साचून राहतो. शिवाय पित्ताशयाची पिशवी बऱ्याचदा तिथूनच बाहेर काढलेली असते, म्हणून त्या जखमेला ताणही जास्त बसलेला असतो. टाक्यात पू झाला तर तो इथे होण्याचा संभव अधिक. अंघोळीनंतर हात साबणाने धुवा, रुग्णाला उताणं झोपवा, बेंबीच्या दोन्ही बाजूंची कातडी दोन बोटांनी अलगद फाकवा आणि स्वच्छ गॉझच्या टोकाने आतलं पाणी टिपून घ्या. सुटा कापूस वापरू नका, त्याचे तंतू टाक्यांत अडकतात. मग पाच-दहा मिनिटं उघडंच राहू द्या. परकराची किंवा सलवारीची नाडी नेमकी याच जागी घासते. पुरुषांच्या पँटचा पट्टाही. पहिले दोन आठवडे सैल गाऊन, लुंगी किंवा ढिला पायजमा बरा.

जखमेला लावायचं काय? डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर काहीही नाही. हळद, खोबरेल तेल, राख, टाल्कम पावडर यांतलं काही नको. डेटॉलने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने रोज धुतलं तर नव्याने धरू लागलेल्या पेशीच मरतात. हळद दुधातून घ्या, ती जखमेत नको.

"डाळीने, बटाट्याने पू होतो", "भाताने जखम पाणी धरते" असं आपल्याकडे सर्रास सांगतात. त्याला आधार नाही. उलट डाळ, उसळ, अंडी, दूध बंद केलं तर जखम भरायला लागणारी प्रथिनंच मिळत नाहीत. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. तंबाखू, विडी आणि मिश्रीसुद्धा थांबवा. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते.

कातडी बाहेरून जुळली तरी आतला पोटाचा पडदा भरायला कित्येक आठवडे जातात. पहिले दोन आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका, जड काम चार ते सहा आठवडे टाळा. दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोंची होते, आणि भरलेला गॅस सिलिंडर तिसेक किलोंचा. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरून खोका. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पाणी आणि भाज्या भरपूर घ्या. खोकताना बेंबीशी फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. तो दाखवावा. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं.

पहिले दोन-तीन दिवस उजवा खांदा दुखतो. शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, डिवचलं जातं, त्याची कळ खांद्यात उमटते. ती आपोआप जाते. टाक्यांभोवतीचं निळं-पिवळं डाग पडणं, थोडी खाज, कातडीखाली लागणारी कडक गाठ, पहिल्या दोन दिवसांत पट्टीला लागलेलं गुलाबी पाणी, हेही चालतं. रक्त येऊ लागलं तर स्वच्छ गॉझ ठेवून दहा मिनिटं सलग दाबा, मध्ये उचलून बघू नका. तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. कमी होत आलेलं पुन्हा वाढलं, लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू किंवा घाण वास आला, ताप 100.4 फॅरनहाइटला पोहोचला, तर त्याच दिवशी दाखवा. डोळे पिवळे झाले, पोट फुगून जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

एक गोष्ट उशिरा होते आणि हमखास दुर्लक्षित राहते. सगळं भरून आल्यावर, तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही नंतर, एखाद्या छेदाच्या जागी गाठ येते, ती फुटते, पाणी किंवा पू झिरपत राहतो. नेहमीच्या अँटिबायोटिकने थोडं बरं वाटतं आणि पुन्हा वाहू लागतं. उपकरणं नीट निर्जंतुक झालेली नसली तर क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातले पण त्याहून वेगळे जंतू असं करतात. अशा वेळी औषधांच्या दुकानातून गोळ्या बदलून घेऊ नका. शस्त्रक्रियेचं कार्ड घेऊन सर्जनकडे जा, आणि पू किंवा गाठीचा तुकडा या जंतूंच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, पाठवायचा का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. उपचार लांबतात, कधी काही महिने चालतात, पण नेमका जंतू सापडला तर औषधही नेमकं देता येतं.

नमस्कार.