भुसावळचं थडगं, लंडनचा कागद

मंडळी, विषय ठरलाय ‘परदेशातून पूर्वजांच्या गावी येणाऱ्यांनी शोध कसा घ्यावा’. त्यावर येतोच. पण आधी एका आजींची गोष्ट सांगू द्या, त्यांच्यामुळेच मी या नादाला लागलो.

आजी सत्तरीच्या, ऑस्ट्रेलियातून आलेल्या. आजोबा जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, मुक्काम भुसावळ. हातात वडिलांचा जन्मदाखला, त्यावर ‘भुसावळ, पूर्व खानदेश’. आणि त्या आजच्या नकाशावर पूर्व खानदेश शोधत बसलेल्या! तुम्ही हसलात, पण त्यांना सांगणार कोण? 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं. एका कार्यालयात त्यांना तीन दिवस बाकावर बसवलं आणि चौथ्या दिवशी ‘असा जिल्हाच नाही’ म्हणून वाटेला लावलं. मला याचा राग आजही येतो. माणूस एवढा समुद्र ओलांडून येतो; एक वाक्य नीट सांगायला आपलं काय जातं हो?

मग आम्ही जुन्या दफनभूमीत गेलो. एप्रिल महिना, भुसावळचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. गवत कमरेएवढं. राखणदार म्हातारा अहिराणीत म्हणाला, “कोणले धुंडी राहिनी माय?” आजींना शब्द कळला नाही, पण ‘माय’ कळलं असावं. त्यांनी त्याचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

दगड सापडला, पण अक्षरं पुसट. खडूनं घासू नका, ब्रशनं खरवडू नका, दगड मरतो. मी राखणदाराच्या डब्यावरचं स्टीलचं ताट घेतलं आणि ऊन बाजूनं, अगदी तिरपं, दगडावर पाडलं. खोलगट अक्षरांत सावली भरली आणि नाव वर आलं. ऑक्टोबर 1918. घरात कथा होती की आजोबा इंजिनाच्या अपघातात गेले. पण आजींनी लंडनहून आणलेल्या दफननोंदीच्या नकलेत कारण होतं इन्फ्लुएन्झा. तो महिनाच तसा होता, मुंबई इलाख्यात घरंच्या घरं गेली. ताट जरा खाली केलं तर दुसरं नाव दिसलं. एका मुलीचं, वय चार महिने, तारीख दोनच दिवसांनंतरची. या आत्याबद्दल घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. आजी तिथंच मातीत बसल्या.

हा प्रसंग मी इतका लांबवला, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. कागद लंडनला, दगड भुसावळला. दोघांची गाठ घालणारं माणूस इथलंच लागतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, सात मिनिटं. तर भरभर सांगतो.

येणाऱ्याला आधी घरच्या कागदांतून साल आणि गाव पक्कं करायला सांगा. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या नकला विलायतेला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/3’ मालिकेत आहेत. 1906 आधीचं असेल तर नुसतं ‘खानदेश’ शोधा, इंग्रजी स्पेलिंग ‘कँडीश’सुद्धा सापडतं. भुसावळला 1906 आधी जन्मलेल्याचा जिल्हा धुळ्याहून चालायचा, हेही त्यांना सांगा.

आणि आपलं काय? आपली मुलं अमेरिकेत आहेत, पन्नास वर्षांनी त्यांची नातवंडं यावल-रावेरला येतील, तेव्हा काय दाखवणार? नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत आपल्या पणजोबांच्या सह्या आहेत. तहसिलीत कोतवाल बुकं आहेत, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, गाव नमुना 14, त्यातली जुनी मोडीत. माझ्या पणजीचं नाव मला तिथंच मिळालं. घरात सगळे तिला फक्त ‘मोठी माय’ म्हणायचे. मोडी शिका. ज्यांना जमेल त्यांनी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसा, 1927 पासून ती संस्था जुनी कागदपत्रं सांभाळते आहे.

वेळ संपली. रविवारी सकाळी सात वाजता, ऊन तिरपं असतं तेव्हाच, आपण त्या दफनभूमीतल्या पहिल्या दोन रांगा उतरवून घेणार आहोत. वही आणा, पाण्याची बाटली आणा, आणि घरातलं एक स्टीलचं ताट.