बिअरमधले धणे

नमस्कार श्रोतेहो. आज मसाल्याच्या बिअरबद्दल बोलू या. ज्यांचं वय कायद्यात बसतं आणि ज्यांना घ्यायची आहे, त्यांनी तर ऐकाच. पण न घेणाऱ्यांनीही रेडिओ बंद करू नका, कारण आजची गोष्ट धण्यांची आहे.

बिअरमध्ये मसाला हे काही आजचं फॅड नाही. हॉप्सची कडू फुलं सगळीकडे रुळण्याआधी युरोपात रानातल्या वनस्पतींचं मिश्रण घालून बिअर करत. त्याला ग्रूट म्हणत. पुढे 1516 साली बव्हेरियात फर्मान निघालं, की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं. बेल्जियमच्या बाजूला मात्र गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि कडू संत्र्याची साल पडत राहिली. हूगार्डन गावात तीही बंद पडली होती. पिअर सेलिस नावाच्या दूधवाल्याने 1960च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. आपल्याकडे विटबिअर म्हणून फिकट, गढूळ बिअर मिळते, ती हीच.

आता काकांची गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या या काकांची उभी हयात तुर्भ्याच्या मसाला मार्केटात गेली. मी त्यांना घोडबंदर रोडवरच्या एका ठिकाणी घेऊन गेलो, जिथे बिअर तिथेच बनते. गाणी इतकी मोठ्याने चालू होती की शेजारच्याचं बोलणं कळेना. माणसं गप्पा मारायला येतात, तिथे एवढा आवाज कशाला, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. असो. विटबिअर आली. काकांनी ग्लास नाकाशी धरला, फिरवला, पुन्हा धरला. घोट नाही घेतला. वेटरला म्हणाले, "हे बनवतं कोण? जरा बोलवा."

तिशीच्या आतली एक मुलगी आली. काकांनी विचारलं, "पोरी, धणे मागच्या हंगामातले ना?"

ती बघतच राहिली. म्हणाली, "हो काका. पण रंग अजून छान हिरवा आहे."

"रंगाचं सोड. मूठभर आण बघू."

तिने वाटीत धणे आणले. काकांनी ते तळहातांवर चोळले, ओंजळीत तोंड घालून श्वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला. मग तिच्याकडूनही तेच करवून घेतलं. "कळलं? वास वरवर आहे, आत काही नाही. होळीच्या आगेमागे नवा माल येतो, तेव्हा ये मार्केटला. धण्याची कुठलीही प्रत घे, बदामी घे, ईगल घे, स्कूटर घे, पण आधी असं चोळून बघ. आणि घालतेस कधी?"

"उकळी संपायला पाच मिनिटं असताना. भरड करून."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले, आणि तेव्हा कुठे पहिला घोट घेतला.

श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. धणे शेवटी, आणि धणे नवे. आपण गरम मसाला भाजी उतरवताना घालतो, तसंच हे. धण्याचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणून शेवटी, आणि भरड करून. वीस लिटरला पंधरा ते तीस ग्रॅम पुरतात. आणि जाता जाता सांगतो, घरीसुद्धा धणेपूड विकतची आणू नका. आठवड्यापुरती कुटा, आमटी वेगळी लागेल.

चाखताना बिअर बर्फासारखी गार नको, गारठ्यात वास बसून जातो. ग्लास थोडा वेळ टेबलावर ठेवा, आधी वास घ्या, मग घोट. आधी वास, मग घोट. आणि घेतली असेल तर गाडीच्या किल्लीला हात लावू नका. ठाणे-वाशी लोकल आहे, रिक्षा आहे.

ती मुलगी होळीनंतर खरोखरच तुर्भ्याला गेली. नव्या धण्यांच्या बिअरमध्ये लिंबासारखा वास वर आला, तो मला न सांगता कळला. आता तिने काकांना तिरफळाबद्दल विचारलंय. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ संत्र्याच्याच कुळातलं, तेव्हा सालीच्या जागी ते चालेल का? काकांनी तिला एवढंच सांगितलं, "काळी बी काढून टाक, नुसती टरफलं घाल. आणि शेवटी घाल."