स्प्रिंगला आवरणारी चाकं

मंडळी, चावीच्या म्युझिक बॉक्समध्ये दातेरी चाकं कशासाठी असतात, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, सिलिंडर फिरवायला. अहो, त्याला स्प्रिंग एकटी भारी आहे. चाकांची निम्मी फौज असते ती तिला आवरायला.

1796 साली जिनीव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने घंटा आणि हातोड्या बाजूला ठेवून पोलादी पात्या वाजवून दाखवल्या. पुढे त्याच पात्यांची फणी झाली, आणि सिलिंडरवरच्या बारीक खिळ्यांनी ती छेडायची हे ठरून गेलं. सूर फणीचे, चाल खिळ्यांची. पण लय? ती सांभाळतो गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी चाकं आणि पंखा, आणि मला आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

स्प्रिंगच्या डब्याचं चाक सिलिंडरला एका टोकाकडून रेटतं. दुसऱ्या टोकाच्या मोठ्या चाकातून गव्हर्नर सुरू होतो. हिशेबापुरतं धरू: 100 दात्यांचं चाक 10 दात्यांच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, फिरवतं, म्हणजे दहापट वेग. पुढे 60 आणि 10, म्हणजे सहापट. शेवटचं 40 दात्यांचं चाक एका उभ्या मळसूत्राला भिडतं आणि एका फेऱ्यात त्याला 40 फेरे देतं. गुणाकार करा, 2400. सिलिंडर मिनिटभरात रमतगमत एक फेरा घेतो, तेवढ्यात मळसूत्राच्या डोक्यावरचा पंखा 2400 वेळा गरगरतो. वेग वाढला की हवेचा अडसर त्याहून झपाट्याने वाढतो, म्हणून लय आपोआप बांधून राहते. पंख्याची पाती जरा बाहेर वाकवली की चाल संथ होते, आत घेतली की जलद.

इथे एक गंमत आहे. एरवी मळसूत्र चाकाला फिरवतं. इथे चाक मळसूत्राला फिरवतं. हे जमायला आटे चांगले तिरपे लागतात आणि त्यांना आरशासारखी झिलई लागते. रेटा तिथे पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की गंजाचा एक ठिपका सगळं थांबवतो. आणि आपल्या रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत, वर चार महिन्यांच्या पावसात, गंज आधी तिथेच बसतो. पेटी मुकी होते, पण स्प्रिंग भरलेलीच राहते.

मग घरातला कोणीतरी हुशार माणूस खोबरेल सोडतो. कोकणात कुरकुरणाऱ्या बिजागरीपासून दुखऱ्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला खोबरेल! पण ते 24 अंशांच्या आसपास थिजायला लागतं. पौषातल्या पहाटे बाटलीत बघा. शिवाय जुनं झालं की चिकटतं ते वेगळंच. पेटी पुन्हा अडते, आणि तोच माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन गव्हर्नर साफ करायला सोडवतो.

लगाम सुटला. आता स्प्रिंग आणि फणी यांच्यामध्ये अडवायला काही उरलं नाही. सिलिंडर सुसाट सुटतो, काही क्षणांत खिळे आडवे होतात आणि फणीचे दात मोडून उडतात. तुटलेला दात बसवून पुन्हा सुरात आणणं, वाकलेले खिळे एकेक करून सरळ करणं, हे महिनोन्‌महिन्यांचं काम आहे. चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेल्या भोंग्याच्या फोनोची सवय असल्यामुळे लोक इथे गाफील राहतात. फोनोचा गव्हर्नर बिघडला तर तबकडी पळते, गाणारीचा आवाज चिरका होतो, आपण हसतो, संपलं. पेटी अशी माफ करत नाही.

म्हणून आधी स्प्रिंग उतरवा, म्हणजे तिचा ताण पूर्ण सोडून द्या. वाजत असेल तर चाल पूर्ण दमेपर्यंत वाजू द्या. अडकली असेल आणि चावी काढता-घालता येणारी असेल, तर चावी घट्ट धरून खटका, म्हणजे स्प्रिंगला उलटं फिरू न देणारा अडणा, सोडवायचा, अर्धा फेरा उलटी जाऊ द्यायची, खटका परत बसवायचा. असं पुन्हा पुन्हा. हात घामेजलेला असेल तर फडक्याने पुसून घ्या. ज्याला हे जमणार नाही असं वाटतं, त्याने झाकण लावून पेटी जाणकाराकडे न्यावी, आणि नेताना ती भरलेली आहे हे आधी सांगावं.

आता ही समोरची पेटी उघडतो. उतरवलेली आहे, पुढच्या रांगेने जवळ यायला हरकत नाही.